कांताबाईच्या नावाची आमटी

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली, पदरात नलू आली, तरी कौसल्याला भाजी करता येत नव्हती. यात तिचा दोष नव्हता. मुकुटबनपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, आमच्या वस्तीतल्या कोणत्याच बाईला ती धड येत नव्हती. भाकर थापता येई, आंबील ढवळता येई, पावसाळ्यात रानातला तरोटा खुडून मीठ टाकून उकडता येई. त्यापुढे शिकायची वेळच आलेली नव्हती. गावकीच्या कामाची पाळी ज्या घराकडे असे, त्या घरचं माणूस दिवेलागणीला टोपली आणि गाडगं घेऊन कुणब्यांच्या दारोदार फिरे. कोणी भाकर टाकी, कोणी वरण ओती, कोणी सकाळची उरलेली भाजी. सगळ्या घरचं एका गाडग्यात एक होई, आणि तेच आमचं कालवण.

कौसल्याच्या घरी ही टोपली तिची सासू ठमाबाई फिरवी. उकंडा, म्हणजे कौसल्याचा नवरा, रांगता असतानाच त्याचा बाप वारला होता. तेव्हापासून ठमाबाईनं या टोपलीवरच पोर वाढवलं. म्हातारी जिभेची मोठी तिखट होती. गाडग्यात बोट बुडवून चाखलं की यात कोणाकोणाचं वरण आलंय ते सांगायची. सगळ्यांत वरचा हात ती देवराव पाटलाच्या बायकोचा, कांताबाईचा मानी. कांताबाईच्या घरचं काही मिळालं तर ठमाबाई ते गाडग्यात पडू देत नसे. वेगळ्या वाटीत घेई, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून एकटी खाई.

छप्पन्न सालचा दसरा झाला आणि उकंडा वस्तीत पुढारपण करणाऱ्या फकिराबरोबर चांद्याला बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेला. आला तो वेगळाच माणूस होऊन आला. मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावकी करायची नाही, शिळं मागायचं नाही. हे त्यानं दारात उभं राहूनच सांगितलं, आणि मग आत येऊन टोपली पायानं मोडून चुलीत घातली. कौसल्यानं ती पेटताना पाहिली. तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदा तिला त्या घरात ताठ बसावंसं वाटलं. दिवेलागण झाली तशी ठमाबाई सवयीनं उठली, कोपऱ्यात टोपली चाचपली, आणि पुन्हा खाली बसली.

गावानं याचं उट्टं काढलंच. देवराव पाटलानं वस्तीतल्या बायांना निंदणाला बोलावणं बंद केलं. बांधावरची भाजीही खुडू देईनात. तेव्हा कौसल्या मुकुटबनच्या वाटेला लागली आणि तिला जैबुनबीच्या वावरात काम मिळालं. जैबुनबीचा नवरा गुलाम नबी मुकुटबनला धान्याच्या दुकानात बसे; वावर सगळं बाईच्या अंगावर होतं. गावाबाहेर विहिरीची जमीन होती. त्यात वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेनं तूर. माल बाजाराच्या दिवशी जाई, आणि रोज संध्याकाळी कामावरच्या बायांना जैबुनबी ओटीत काहीतरी ताजं घाली. कौसल्याच्या ओटीत पहिल्या दिवशी वांगी पडली.

ती तिनं घरी नेऊन चिरली आणि तरोट्यासारखी पाण्यात उकडली. काळं पाणी सुटलं. उकंडानं मान खाली घालून खाल्लं, कारण शिळं मागायचं नाही हे त्याचंच बोलणं होतं. नलूनं घास थुंकला. ठमाबाईनं एकदा चाखलं आणि जर्मनची ताटली हातानं लांब सारली.

"तुमच्या इज्जतीत मीठ नाही, कवसे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वावरात जैबुनबीनं वांगी कशी झाली ते सहज विचारलं. कौसल्यानं जसं केलं तसं सांगितलं. जैबुनबी कंबरेवर हात ठेवून हसली, मग कौसल्याचा चेहरा पाहून हसायची थांबली. तिनं तिला वावरातल्या खोपीत नेलं, तीन दगड मांडले, आणि म्हणाली, "अवो बाई, बैंगन असं उकळून खाते का कोनी? बैठ इथं. देख."

अशी कौसल्या शिकली. तेल तापू द्यायचं, लसूण लाल झाल्याशिवाय मिरची टाकायची नाही, वांग्याला पाणी दाखवायचं नाही, झाकण ठेवून त्याच्याच वाफेवर शिजू द्यायचं. आषाढात रानात काटवलं, म्हणजे कर्टुली, आली की ती चिरून कडक परतायची. भादव्यात अंबाडी, तिच्यात ज्वारीच्या कण्या. थंडीत मेथी, वालाच्या शेंगा, आणि तुरीच्या ओल्या शेंगा भरल्या की त्यांचे हिरवे दाणे, ज्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. घरी जागा कुठे होती, तरी तिनं न्हाणीच्या पाण्यावर मिरचीची चार झाडं आणि सांबाराचा एक वाफा केला. उकंडा जेवणाच्या वेळेला आपणहून घरी येऊ लागला. शेजारची गोदाबाई भिंतीवरून विचारी, आज काय घातलं वो, इतका वास कायचा येऊन राह्यला? कौसल्या तिला बोलावून दाखवी. वर्षा-दोन वर्षांत वस्तीतल्या निम्म्या चुलींवर जैबुनबीची रीत पोचली होती, आणि वैशाख पौर्णिमेला सगळी वस्ती एकत्र जेवायला बसे तेव्हा भाजीच्या हंड्याजवळ कौसल्याच असे. फकिरा भाषणात म्हणाला होता, आपल्या बायांनी आपल्या चुलीवर ताजं रांधलं, हीसुद्धा एक लढाईच. त्यानं नाव घेतलं नाही, पण पाहिलं तिच्याकडे.

एक ठमाबाई तेवढी खूश नव्हती. ताटातलं खाई, पण शेवटी काहीतरी बोले. हे कडू झालं, ते खारट झालं, कांताबाईच्या घरी यात तीळ घालतात. कौसल्यानं तीळ घातले. मग म्हातारी म्हणाली, कुटून घालतात. दात पडले होते, नजर अधू झाली होती, पण जीभ तशीच होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काम लवकर सुटलं आणि कौसल्या उन्हातच गावाकडे परतली. मुकुटबनची वाट गावात शिरते ती देवरावांच्या गोठ्याच्या अंगानं. गोठ्यामागच्या उकिरड्याजवळ ठमाबाई बसलेली तिला दिसली. मांडीवर खापराचा तुकडा, त्यात आमटीत कुस्करलेली पुरणपोळी. म्हातारी डोळे मिटून खात होती, आणि वर कांताबाई गडवा घेऊन उभी होती, आणखी ओतायला.

कौसल्याला पाहून म्हातारीनं खापर पदराखाली घेतलं. कांताबाईला मात्र त्यात काही चुकीचं वाटलं नाही. ती वाईट बाई नव्हती. भुकेल्याला घालणं हे तिला पुण्याचं काम वाटे, आणि कोणाला किती उंचावरून वाढायचं हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं, ते ठरलेलंच होतं.

कौसल्या आजवर तिला मालकीणबाई म्हणत आली होती. त्या दिवशी ती म्हणाली, "कांताबाई, आमच्या बुढीले आता वाढत नका जाऊ."

नावानं हाक मारलेली कांताबाईला लागलीच. पण ती शांतपणे म्हणाली, "ते आपल्या पायानं येते, मी बोलवाले नाही जात. तुह्या हातचं तिले गोड नाही लागत, त्यात माहा काय दोष?"

कौसल्या सासूला उठवून घरी घेऊन आली. घरी आल्यावर कौसल्यानं विचारलं, किती दिवस चाललंय हे. ठमाबाई पदरानं तोंड पुसत राहिली. कौसल्या म्हणाली की हे तुमच्या लेकाला कळलं तर तो जीव देईल नाहीतर घेईल, आणि फकिराला कळलं तर आपल्याला वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी तुम्हाला काय कमी करते ते तरी सांगा.

"तू पोटाले घालतं," ठमाबाई म्हणाली, "जिभेले नाही."

कौसल्यानं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. उकंडाला नाही, गोदाबाईला नाही. म्हातारीनंही पुढे बाहेर पाय टाकला नाही; काही लाजेनं, काही पाय सुजू लागले म्हणून.

दोन वर्षांनी, साठ सालच्या आरंभी, पौषाच्या थंडीत ठमाबाई अंथरुणाला खिळली. उकंडा तेव्हा झरीकडच्या जंगलात बांबूतोडीच्या कामावर होता. ती माणसं महिना-महिना घरी येत नसत. म्हातारीनं अन्न सोडलं. आंबील दिली तर तोंड फिरवी, भात दिला तर गालात धरून ठेवी. कौसल्यानं नाना प्रकार केले. शेवटी एका दुपारी म्हातारीनं तिचा हात धरला आणि लहान पोरासारखं म्हणाली की कांताबाईच्या घरी या दिवसांत सोल्यांची आमटी होते, तिची एक वाटी मिळाली तर मी जेवेन. तिच्या दारी एकदा जा. माझ्यासाठी जा.

कौसल्या म्हणाली, मी करून देते. सोले जैबुनभाबीच्या वावरात लागलेच आहेत.

"तुह्या हातची नको," म्हातारी म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

कौसल्या रात्रभर तळमळली असेल तर ते तिलाच माहीत. सकाळी ती नलूला म्हातारीजवळ बसवून कामाला गेली. दिवसभर तूर तोडली. संध्याकाळी खोपीत तिनं स्वतःच तीन दगड मांडले. बोलावणं बंद होण्याआधी कांताबाईच्या अंगणात तिनं आठ-नऊ वर्षं दळण-कांडण केलं होतं. आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, पण आतला वास अंगणात येई, आणि कोणता वास आधी आला, कोणता मागून, हे तिच्या ध्यानात होतं. आधी भाजल्या सोल्यांचा येई, मग लसणाचा, आणि अगदी शेवटी भाजल्या तिळांचा. तिनं तसंच केलं. सोले तव्यावर डाग पडेपर्यंत भाजले, दगडावर जाडसर वाटले, जवसाच्या तेलात लसूण लाल केला, हिरवी मिरची, मग वाटण, मग कढत पाणी. शेवटी कुटलेले तीळ आणि मूठभर सांबार. जैबुनबीनं बोटानं चाखून पाहिली आणि आपला पितळेचा डबा काढून दिला.

डबा पदराखाली झाकून कौसल्या घरी आली. नेहमीसारखीच, देवरावांच्या गोठ्याच्या अंगानं. म्हातारीजवळ बसली, वाटीत ओतलं, आणि म्हणाली, "आत्या, कांताबाईच्या घरून आणलं."

ठमाबाईनं पहिला घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच ठेवला. मग आणखी मागितला. सगळी वाटी संपवली.

"पाह्य," ती म्हणाली, "याले म्हणते हात."

"हो," कौसल्या म्हणाली.

"काही बोलली का तुले?"

"नाही बोलली. बुढीले दे म्हणे."

"तिचं भलं होवो," म्हातारी म्हणाली.

कौसल्या बाहेर येऊन डबा घासायला बसली. म्हातारी जेवली याचं तिला बरं वाटलं, आणि घासता घासता त्या बरं वाटण्याचाच राग आला. इतक्या वर्षांत म्हातारीनं पहिल्यांदा तिच्या हाताला नाव दिलं होतं, आणि ते दुसरीचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं हे जैबुनबीला सांगितलं. जैबुनबी म्हणाली, बोल दे ना बुढीला, के तूनेच बनाई. कौसल्या म्हणाली, मग ती खाणार नाही.

असं रोज सुरू झालं. रोज खोपीत आमटी, रोज पदराखाली डबा, रोज तेच खोटं. म्हातारी थोडी उठून बसू लागली. समाचाराला बाया येत. गोदाबाई येई. ठमाबाई प्रत्येकीला सांगे की माझी सून गुणाची निघाली, माझ्यासाठी मान खाली घातली, रोज मालकिणीच्या दारातून मागून आणते. कौसल्या कामावर असे. तिला याचा पत्ता नव्हता. गोदाबाईनं मात्र तिला संध्याकाळी गोठ्याकडून झाकला डबा घेऊन येताना पाहिलं होतं. तिनं भिंतीवरून हाक मारणं तेवढं सोडलं. कौसल्याला वाटलं, थंडीमुळे बाया लवकर दारं लावतात.

मग आमटीही जाईना. माणूस धाडून उकंडाला बोलावलं. तो आला तेव्हा म्हातारीला बोलता येत होतं, पण थोडं. घरात फकिरा होता, गोदाबाई होती, आणखी दोघी-तिघी. ठमाबाईनं लेकाचा हात घेतला आणि म्हणाली, "तुह्या बायकोले दुखवू नोको. कांताबाईच्या घरून रोज मागून आणून तिनं मले जगवलं."

उकंडानं कौसल्याकडे पाहिलं. फकिरानंही पाहिलं. बोलायचं ते याच क्षणी होतं, पण कौसल्या बोलली नाही. मरत्या माणसासमोर कसं सांगायचं की तुम्ही खाल्लं ते कांताबाईचं नव्हतं? ठमाबाई त्याच दुपारी गेली.

माती झाली, लोक परतले. मग फकिरा आणि वस्तीतले दोन म्हातारे उकंडाच्या दारात येऊन बसले. फकिरा चढ्या आवाजात बोलला नाही. तो म्हणाला की देवरावानं काम बंद केलं, बायांनी पोरं उपाशी निजवली, पण कोणी त्याच्या उंबऱ्याशी गेलं नाही. आणि जिच्याकडे बोट दाखवून आम्ही दुसऱ्यांना सांगत होतो, तीच गेली.

"म्या मागून आणलं नाही," कौसल्या म्हणाली. "म्याच रांधत होती. मुकुटबनले, जैबुनभाबीच्या वावरात."

"मंग बुढी मरता मरता खोटं बोलली?"

"बुढीले म्याच खोटं सांगतलं."

फकिरानं बाकीच्यांकडे पाहिलं. जी बाई स्वतःच म्हणते मी खोटं सांगितलं, तिचं कोणतं बोलणं धरायचं? नलू आतून म्हणाली की आजी दुपारी जेवतच नव्हती, आई आली की जेवे. पण त्यातून काही सिद्ध होत नव्हतं, आणि लेकराची साक्ष घेतं कोण. कौसल्या उकंडाला म्हणाली, तुम्ही मुकुटबनला जाऊन विचारा, जैबुनभाबी सांगेल.

"बायकोची साक्ष मागाले मी परक्याच्या दारात जाऊ?" उकंडा म्हणाला.

त्याऐवजी फकिरा देवरावांच्या दारात गेला. ओट्याच्या खाली उभं राहून त्यानं विचारलं. कांताबाईच्या डोळ्यांपुढे उकिरड्याजवळ बसणारी ठमाबाई आली असणार. शिवाय आपल्याला नावानं हाक मारणारी तिची सूनही आठवली असेल. ती म्हणाली, "म्हातारा जीव होता. माह्या हातची चव होती तिच्या तोंडाले. माह्या दारातून मी कोणाले रिकामं नाही धाडत." यात एकही शब्द खोटा नव्हता. फकिरानं पुढे विचारलं नाही.

कौसल्याला तान्ह्या पोळ्याची गोष्ट आता सांगता आली असती. म्हातारी कधी, कुठे बसून खात होती ते सांगितलं असतं तर कांताबाईच्या बोलण्याचा खरा अर्थ उलगडला असता. तिनं ती अखेर उकंडाला सांगितली. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की आता मेलेल्या आईवरही आळ घालतेस. त्यानं हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढे म्हणे, कारण मारणारं माणूस कधीतरी थकतं.

उकंडानं तिच्या हातची भाजी सोडली. भाकर घेई, तीही थापायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. सोबत मीठ आणि कच्ची मिरची. कौसल्या रोज रांधी, त्याच्या ताटात वाढी, आणि तो ते बाजूला काढून ठेवी. त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला ती विळा घेऊन हंड्याजवळ गेली. बाया भाजी चिरत होत्या. गोदाबाई उठली, आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "यंदा तू राहू दे, कवसल्या." त्याच हंड्यात तेल केव्हा तापलं हे ओळखायला कौसल्यानंच तिला शिकवलं होतं. कौसल्या विळा घेऊन घरी आली.

वर्षं गेली. ती जैबुनबीच्या वावरात जात राहिली. वस्तीत कोणी तिला वाळीत टाकलं नाही; बोलत, हळदीकुंकू तर आमच्यात राहिलंच नव्हतं, पण बारशाला, मातीला बोलावत. फक्त तिच्या हातचं कोणी मागत नसे. नलू मोठी झाली. विहिरीवर पोरींचं भांडण झालं की तिला शिळ्याची पोट्टी म्हणत. तेराव्या-चौदाव्या वर्षी तिनं एकदा आईला विचारलं, "माय, खरंच गेलती का वो तू?" कौसल्या चुलीत फुंकर घालत होती. ती म्हणाली, "तू घरात होती ना? तुले काय वाटते?" नलू घागर उचलून विहिरीकडे गेली.

सहासष्ट सालच्या हिवाळ्यात उकंडाला गुलाम नबीच्या दुकानात बियाण्याच्या चौकशीला जावं लागलं. जैबुनबी तिथे आली होती. तिनं त्याला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि ती आपल्या सरळ मनानं म्हणाली की तुझ्या बायकोसारखी सोल्यांची आमटी माझ्या सुनांनाही जमत नाही. तुझी आई बिमार होती तेव्हा रोज दिवसभर राबून माझ्या खोपीत करायची बिचारी, आणि दुसरीच्या नावानं खाऊ घालायची. मी म्हणायची, आपलं नाव सांग. ऐकलं नाही. बुढीनं मरण्याआधी तरी ओळखलं का?

उकंडानं काय उत्तर दिलं ते जैबुनबीला पुढे आठवत नव्हतं. तो बियाणं न घेताच निघाला.

घरी येऊन तो चुलीजवळ बसला. मग म्हणाला की जैबुनबाई भेटली होती. कौसल्या भाकर थापत राहिली.

"तवाच जाऊन विचारलं असतं तर," तो म्हणाला.

"म्या म्हणलं होतं जा."

मग, जणू तेवढ्यानं भरून निघेल असं, तो म्हणाला, "आज सोल्याची आमटी कर. मी खातो."

कौसल्यानं तव्यावरची भाकर उलटली. "आपल्या घरी नाही होत तशी," ती म्हणाली. "ते कांताबाईच्या घरी होते. साऱ्या वस्तीले माहीत हाये."

तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. मेथीची भाजी होती. त्यानं ती सहा वर्षांनी खाल्ली. तिनं तो खातो की नाही हे पाहिलं नाही.

उकंडाला वाटलं, आता वस्तीला सांगावं. पण फकिरा केव्हाचाच बल्लारपूरकडे कामाला निघून गेला होता. दोन म्हाताऱ्यांपैकी एक वारला होता, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं एक-दोघांना सांगितलं. ते म्हणाले, असेल बाप्पा, जुनी गोष्ट आहे, आता कायले उकरता. कोणाला ती नीट आठवतही नव्हती. कौसल्याच्या हातचं खात नाहीत एवढं राहिलं होतं, का खात नाहीत ते विसरलं होतं.

अडुसष्टच्या फाल्गुनात नलूचं लग्न झालं. पाहुणे कळंबकडचे. मांडव दारातच होता. सकाळपासून बाया जमल्या, विळे मांडले, वांग्यांची टोपली मध्ये ओतली. वांगी जैबुनबीनं वावरातून पाठवली होती. कौसल्या पुढे आली तशी गोदाबाई म्हणाली, "तू बस वो आज. नवरीची माय तू. आमी करतो."

गोदाबाई आता म्हातारी झाली होती, आणि तिच्या बोलण्यात माया होती. नवरीच्या आईला लग्नात चुलीशी बसू देत नाहीत, ही रीतच आहे. पण कौसल्याला त्या बोलण्यातलं रीतीचं किती आणि जुनं किती हे कळेना, आणि विचारायचं कसं हेही कळेना. ती ओट्यावर जाऊन बसली. उकंडा पाहुण्यांत होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग उठली, घरातून आपला विळा आणला, बायांच्या गोलात दोघींच्या मध्ये जागा करून बसली, आणि वांगं हातात घेऊन चिरायला लागली. गोदाबाईनं पाण्याची परात तिच्याकडे थोडी सरकवली. दुपारी पंगत बसली तेव्हा कौसल्या नलूजवळ आत होती. बाहेर भाजी कोणी घेतली, कोणी टाकली, हे पाहायला ती आली नाही.